श्वासाचे माप श्रमातच घ्यावे

गेल्या वैशाखात पोलादपूर तालुक्यातील एका डोंगरवाडीत जाण्याचा प्रसंग आला. निमित्त एका विद्यार्थ्याच्या बहिणीच्या लग्नाचे. मोटार जेथवर पोचते तेथून वाडीपर्यंत अर्ध्या तासाची खडी चढण आहे. विद्यार्थ्याचे वडील मला घ्यावयास खाली आले होते. पन्नाशीच्या आतले, अंगाने काटक, सारे बालपण याच डोंगरात गेलेले. मध्यंतरी बारा-तेरा वर्षे त्यांनी रासायनिक कारखान्यांत कंत्राटी कामगार म्हणून काढली होती. चढणीवर त्यांनी पुढे जावे आणि माझ्यासारख्या बैठ्या माणसाने मागे रखडावे, हा स्वाभाविक क्रम होता. घडले ते उलटे. दर चाळीस-पन्नास पावलांवर ते थांबत, एखाद्या दगडाला हात टेकीत आणि दम खात. मी काळजीने विचारले तेव्हा म्हणाले, "बसलो की काय नाय सर. चढाव लागला की दम भरतो."

अंगणात पोचताच मुलाने त्यांच्या बोटाला ऑक्सिमीटर लावले. करोनाच्या साथीत घेतलेले ते लहानसे यंत्र अजून घरात होते. आकडा आला ८७. ओट्यावर टेकून, पाणी पिऊन दहाएक मिनिटे झाली आणि तोच आकडा ९६ वर स्थिरावला. मग मुलाने कागदांची पिशवी काढली. नळीत जोराने फुंकण्याच्या चाचणीचा अहवाल तीत होता आणि त्यावर 'मर्यादेत' असा शेरा होता.

तो कागद खोटा होता असे मी मुळीच म्हणत नाही. बसलेल्या माणसाची छाती किती हवा किती वेगाने बाहेर टाकते, एवढाच प्रश्न त्या चाचणीने विचारला होता आणि त्याचे उत्तर तिने बरोबर दिले होते. चढणीवरच्या माणसाच्या रक्तात पुरेसा प्राणवायू पोचतो की नाही, हा प्रश्न कोणी विचारलाच नव्हता. वस्तुतः ज्या माणसाची उपजीविका श्रमावर चालते, त्याच्या बाबतीत हाच प्रश्न आधी विचारावयास हवा. त्यांच्या आजाराचे कारण ठरविणे हे वैद्यकाचे काम आहे आणि तो माझा प्रांत नव्हे. परंतु काय मोजावे आणि त्या मापावर कोणाचा हक्क ठरावा, हा प्रश्न अर्थशास्त्राच्याही अंगणात येतो. म्हणून हा लेखनप्रपंच.

विसाव्यातील शिल्लक

फुफ्फुसाचे काम दोन टप्प्यांत चालते. पहिला टप्पा हवा आत घेण्याचा आणि बाहेर टाकण्याचा. भाता चालतो तसा. दुसरा टप्पा अधिक सूक्ष्म आहे. फुफ्फुसात तीस ते पन्नास कोटी वायुकोश असतात. त्यांची एकूण भिंत पसरली तर सुमारे सत्तर चौरस मीटर भरेल, आणि तिची जाडी मात्र एका मायक्रॉनहूनही कमी असते. या पातळ पडद्याच्या एका बाजूस हवा व दुसऱ्या बाजूस केशवाहिन्यांतील रक्त. हवेतला प्राणवायू या पडद्यातून झिरपून रक्तात उतरतो. फुंकण्याची चाचणी भात्याची परीक्षा घेते. पडद्याची घेत नाही.

स्वस्थ बसलेल्या माणसाला मिनिटाला सुमारे पाव लिटर प्राणवायू पुरतो. तोच माणूस डोंगर चढू लागला म्हणजे काय होते, याचा हिशेब शाळेतील पदार्थविज्ञानानेही मांडता येतो. साठ किलो वजनाचा मनुष्य अर्ध्या तासात तीनशे मीटर चढला, तर त्याचे स्नायू सतत सुमारे शंभर वॅट काम करीत असतात. खर्च झालेल्या शक्तीपैकी जेमतेम चौथा-पाचवा हिस्साच कामी येत असल्याने त्यास मिनिटाला जवळजवळ दीड लिटर प्राणवायू लागतो. म्हणजे बसल्या स्थितीच्या सहापट. डोक्यावर नाचणीचे पोते किंवा पाण्याचा हंडा असेल तर मागणी आणखी वाढते.

ही वाढीव मागणी पुरी करण्यासाठी हृदय रक्त अधिक वेगाने ढकलते. रक्ताचा कण विसाव्याच्या वेळी फुफ्फुसातील केशवाहिनीत सुमारे पाऊण सेकंद राहतो, आणि निरोगी पडद्यातून प्राणवायू उतरण्यास त्यांतले पाव सेकंदच पुरते. उरलेला अर्धा सेकंद ही निसर्गाने ठेवलेली गंगाजळी आहे. जोराच्या श्रमात पाऊण सेकंदाचे पाव सेकंदाच्या आसपास होते. निरोगी माणूस तरीही निभावतो. अधिक केशवाहिन्या उघडतात, पडद्याचे कामी येणारे क्षेत्र वाढते. पण धुळीने, विषारी वायूने किंवा रोगाने पडदा जाड झाला असेल, तर प्राणवायू उतरण्यास पाव सेकंद पुरत नाही. विसाव्यात हा दोष दिसत नाही, कारण तेथे अर्ध्या सेकंदाची शिल्लक तो झाकून टाकते. श्रमात शिल्लक संपते आणि तूट उघडी पडते.

अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्यास हे नवे वाटू नये. ठेवीदार एकेक करून येत असतात तोवर बँकेची तिजोरी भरलेली आहे की रिकामी, हे खिडकीबाहेरून कळत नाही. रांग लागते त्या दिवशी कळते. सरासरीवरून समाधान मानणाऱ्यास सीमान्त परिस्थितीचा पत्ता लागत नाही, हा आमच्या शास्त्रातील पहिल्या वर्षाचा धडा आहे. फुफ्फुसाच्या बाबतीत तो आपण विसरलो आहोत.

शंभर वर्षांचा शोध

प्राणवायू हवेतून रक्तात कसा जातो, हा विसाव्या शतकाच्या आरंभीचा मोठा वाद होता. डेन्मार्कचे ख्रिश्चन बोर व ब्रिटनचे जॉन स्कॉट हाल्डेन यांचे मत असे की, गरज पडल्यास फुफ्फुस स्वतः जोर लावून प्राणवायू आत ढकलते. १९११ मध्ये हाल्डेन व त्यांचे सहकारी अमेरिकेतील पाइक्स पीक या शिखरावर याच शोधासाठी गेले होते. बोर यांचेच शिष्य ऑगस्ट क्रोग आणि त्यांच्या पत्नी डॉ. मारी क्रोग यांना हे मान्य नव्हते. जास्त दाबाकडून कमी दाबाकडे वायू आपोआप झिरपतो, एवढ्याने सारे घडते असे त्यांचे म्हणणे होते.

हे सिद्ध करावयाचे तर झिरपण्याचे माप हवे. मारी क्रोग यांनी त्यासाठी कार्बन मोनॉक्साइड हा वायू निवडला. हिमोग्लोबिन त्यास प्राणवायूपेक्षा दोनशे पटींहून अधिक घट्ट धरून ठेवते. म्हणून अत्यल्प प्रमाणात तो श्वासाबरोबर घेऊन काही सेकंद श्वास रोखला, तर किती वायू नाहीसा झाला यावरून पडद्याची क्षमता कळते. १९१५ मध्ये त्यांनी हे मापन प्रसिद्ध केले. आज मोठ्या रुग्णालयांतून होणारी चाचणी तिचीच सुधारलेली आवृत्ती आहे. केंब्रिजच्या जोसेफ बारक्रॉफ्ट यांनी १९२० मध्ये त्याही पुढचे पाऊल टाकले. एका काचेच्या बंद खोलीत ते सहा दिवस राहिले, आतला प्राणवायू हळूहळू कमी करविला आणि आपल्या मनगटाची धमनी उघडून तिच्यातील रक्त तपासावयास दिले. धमनीतील प्राणवायूचा दाब फुफ्फुसातील हवेपेक्षा कमीच भरला. फुफ्फुस जोर लावीत नाही, हे त्यातून स्पष्ट झाले.

या वादात आपल्यासाठी एक बोध आहे. प्राणवायू पडद्यातून केवळ झिरपत असेल, तर जाड झालेल्या पडद्याची भरपाई इच्छाशक्तीने किंवा सवयीने होणे शक्य नाही. "आळस करतो", "हिंमत कमी" असे म्हणून श्रमिकाचा दम उडवून लावणाऱ्यांनी हे ध्यानी घ्यावे.

पुढे सायकलीसारखे यंत्र व फिरता पट्टा आले. माणसास त्यावर श्रम करावयास लावून त्याचा श्वास, रक्त आणि हृदय यांची एकाच वेळी नोंद घेता येऊ लागली. परंतु असे यंत्र तालुक्याच्या गावी कोठून आणावयाचे? ही अडचण ब्रिटनमधील डॉक्टरांनाही जाणवली असावी. १९७६ मध्ये तेथे जुनाट ब्राँकायटिसच्या रुग्णांना बारा मिनिटे चालावयास लावून अंतर मोजण्याची पद्धत मांडली गेली, आणि १९८२ मध्ये सहा मिनिटांचे चालणेही तेवढेच उपयोगी ठरते असे दाखविण्यात आले. २००२ मध्ये अमेरिकन थोरॅसिक सोसायटीने तिची रीत ठरवून दिली. तीस मीटरची सपाट वाट, घड्याळ आणि एक माणूस. एवढी साधने महाडच्या कोणत्याही शाळेच्या पडवीत मिळतील.

पठार आणि कडा

बोटाच्या ऑक्सिमीटरमागील कल्पना १९७०च्या दशकात जपानच्या ताकुओ आओयागी यांनी मांडली. रक्ताचा रंग प्राणवायूच्या प्रमाणानुसार बदलतो. लाल व अवरक्त असे दोन प्रकाशकिरण बोटातून पाठवून, नाडीच्या ठोक्याबरोबर होणारा फरक टिपून हे यंत्र टक्केवारी सांगते. महाराष्ट्राच्या घराघरांत ते पोचले २०२० मध्ये. त्या वर्षी १५ सप्टेंबरपासून राज्यात 'माझे कुटुंब, माझी जबाबदारी' ही मोहीम सुरू झाली आणि तापमापक व ऑक्सिमीटर घेऊन पथके दारोदार फिरली. २०२१ च्या दुसऱ्या लाटेत राज्याच्या आरोग्य खात्याने नागरिकांना आणखी एक गोष्ट शिकविली. बोटाला ऑक्सिमीटर लावून आकडा पाहावा, घरातल्या घरात सपाट जागी सहा मिनिटे चालावे, पुन्हा आकडा पाहावा, आणि तो साधारणपणे तीनहून अधिक अंकांनी उतरला तर रुग्णालय गाठावे. श्रमात प्राणवायूचे माप घेण्याची कल्पना, जी तोवर प्रयोगशाळेत कोंडलेली होती, ती अशा रीतीने स्वयंपाकघरापर्यंत आली.

विसाव्यातला आकडा का फसवतो, हे समजण्यासाठी आमच्या मुलखाचा नकाशाच उपयोगी पडतो. रक्तातील प्राणवायूचा दाब आणि हिमोग्लोबिनची टक्केवारी यांचे नाते सरळ रेषेचे नाही. दाब शंभरावरून सत्तरावर आला तरी टक्केवारी अठ्ठ्याण्णवावरून चौऱ्याण्णवापर्यंतच उतरते. साठाला नव्वद होते. त्यापुढे मात्र घसरण सुरू होते आणि दाब चाळीस होताच टक्केवारी पंचाहत्तरावर येते. महाबळेश्वरच्या पठारावरून पश्चिमेकडे चालत निघालेल्या माणसाला बराच वेळ सपाटीच लागते आणि मग एकाएकी पोलादपूरच्या बाजूचा कडा समोर येतो, तसेच हे आहे. ज्याचा पडदा बिघडला आहे तो विसाव्यात पठारावर असतो, पण अगदी कडेला. निरोगी माणूस पठाराच्या मध्यावर. ऑक्सिमीटर दोघांनाही जवळजवळ सारखाच आकडा देते. दोघांना चढणीवर चालविले की मगच कोण कोठे उभा होता ते कळते.

कायद्यातील शब्द

आता मूळ मुद्द्याकडे वळू. १९२३ च्या कामगार नुकसानभरपाई कायद्याने आपल्या देशात एक महत्त्वाची कल्पना आणली. कामामुळे झालेल्या इजेचे मोल ठरविताना 'अर्जनक्षमता' म्हणजे कमावण्याची ताकद किती घटली, हे पाहावे. कापसाच्या धुळीने होणारा बिसिनोसिस, दगडाच्या धुळीने होणारा सिलिकोसिस इत्यादी फुफ्फुसांचे विकार त्याच्या परिशिष्टात व्यवसायजन्य रोग म्हणून नमूद झाले. २०२० च्या सामाजिक सुरक्षा संहितेतही ही कल्पना पुढे चालू राहिली आहे. शब्द अचूक आहे. कायदा श्वास किती लिटर हे विचारीत नाही. कमावण्याची ताकद किती गेली हे विचारतो. हमाल, शेतमजूर, कारखान्यातील पिंपे हलविणारा कामगार यांची कमावण्याची ताकद म्हणजे श्रम करण्याची ताकद. मग तिचे माप खुर्चीत बसवून कसे निघेल?

या भागास हा प्रश्न नवा नाही. रायगड जिल्हा कुलाबा म्हणून ओळखला जात होता तेव्हापासून महाड-पोलादपूरची माणसे मुंबईच्या गिरण्यांत जात आली. सुट्टीनंतर पहिल्या पाळीला छाती आवळून येणे हे बिसिनोसिसचे जुने लक्षण. मुंबईच्या के.ई.एम. रुग्णालयातील डॉ. एस. आर. कामत व त्यांच्या सहकाऱ्यांनी कापूस गिरणी कामगारांची पाच वर्षे पाहणी करून हा रोग व इतर दमा यांतील भेद कसा ओळखावा, याविषयीचा अभ्यास १९८१ मध्ये प्रसिद्ध केला. बिसिनोसिसमध्ये मुख्यतः श्वासनलिका आवळतात, त्यामुळे तेथे फुंकण्याची चाचणी बऱ्याच अंशी उपयोगी पडते, हेही येथे नमूद केले पाहिजे. परंतु पुढच्याच वर्षी, १८ जानेवारी १९८२ रोजी सुमारे अडीच लाख कामगारांचा संप सुरू झाला, त्यानंतर गिरण्या एकामागून एक बंद पडल्या, आणि अनेकजण गावी परतले. त्यांच्याबरोबर त्यांची छाती आली. छातीचा कागद आला नाही. ओट्यावर खोकणाऱ्या म्हाताऱ्यास गावाने 'वयाचा दमा' म्हटले. मोजलेच नव्हते, मग मागायचे कशाच्या आधारावर?

आता गिरण्यांच्या जागी बिरवाडीजवळची रासायनिक वसाहत आहे. गावची माणसे मुंबईला जाण्याऐवजी तेथे जातात. नोव्हेंबर २०२३ मध्ये तेथील एका कारखान्यात स्फोट होऊन आग लागली आणि कामगारांचे प्राण गेले. त्या मृत्यूंची मोजदाद झाली, चौकशीची मागणी झाली, मदत जाहीर झाली. ते योग्यच झाले. परंतु जो कामगार दहा-बारा वर्षांत थोडाथोडा श्वास गमावतो त्याची मोजदाद कोणत्या वहीत होते?

तशी वही कायद्याने सांगितलेली आहे. भोपाळच्या दुर्घटनेनंतर १९८७ मध्ये कारखाने कायद्यात जी दुरुस्ती झाली, तिने धोकादायक प्रक्रियेत काम करणाऱ्या प्रत्येकाची कामावर घेण्यापूर्वी, काम चालू असताना आणि काम सुटल्यानंतरही बारा महिन्यांपेक्षा जास्त खंड न पडता वैद्यकीय तपासणी करण्याची जबाबदारी कारखानदारावर टाकली. नोंदी कामगारास पाहावयास मिळाल्या पाहिजेत, असेही म्हटले. 'काम सुटल्यानंतरही' हे शब्द फार मोलाचे होते. फुफ्फुसाचे अनेक विकार काम सुटल्यावरच तोंड वर काढतात. नव्या संहितांचे नियम राबविताना ही तरतूद क्षीण होऊ नये, याकडे कामगार संघटनांनी डोळ्यात तेल घालून लक्ष दिले पाहिजे. तपासणीत काय तपासावे, हा प्रश्न त्याच्याच जोडीने येतो. वर्षातून एकदा एका रांगेत बसवून घेतलेले वजन, रक्तदाब आणि फुंकर एवढ्यावर ज्याची श्रमशक्ती ठरते, त्याची फसगत होण्याचा संभव आहे.

आक्षेपांचा विचार

या सूचनेवर काही आक्षेप येतील आणि त्यांत तथ्यही आहे. पहिला आक्षेप लबाडीचा. भरपाईच्या लोभाने कामगार मुद्दाम सावकाश चालेल. अंतराच्या बाबतीत हे शक्य आहे. पण रक्तातील टक्केवारी कोणास सहजासहजी ठरवून उतरविता येत नाही. अंतर आणि टक्केवारी दोन्ही एकत्र नोंदविल्यास लबाडी उघडी पडण्याचीच शक्यता अधिक. आमचा अनुभव तर असा की, कामगार दम वाढवून सांगण्याऐवजी लपवितो. दम लागतो असे कळले तर कंत्राटदार दुसऱ्या दिवशी येऊ नको म्हणेल, ही त्याची भीती असते.

दुसरा आक्षेप यंत्राविषयी. २०२० च्या अखेरीस 'न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन'मध्ये अमेरिकेतील रुग्णांचा एक अभ्यास आला. रक्तातील खरी उणीव ऑक्सिमीटरच्या नजरेतून सुटण्याचे प्रमाण कृष्णवर्णीय रुग्णांत गोऱ्यांच्या सुमारे तिप्पट आढळले. उन्हात रापलेल्या आमच्या माणसांसाठी ही बाब गंभीर आहे. त्यावर उपाय असा की, माणसाची तुलना छापील आकड्याशी न करता त्याच्याशीच करावी. त्याचा आजचा विसाव्याचा आकडा आणि श्रमानंतरचा आकडा, गेल्या वर्षीची घट आणि यंदाची घट. यंत्र थोडे चुकत असले तरी अशा तुलनेत त्या चुकीचा परिणाम काहीसा कमी होऊ शकतो.

तिसरा आक्षेप डॉक्टर घेतील, आणि तो सर्वांत महत्त्वाचा आहे. श्रमात टक्केवारी घटण्याची कारणे अनेक; हृदयाचा दोष असेल, फुफ्फुसाच्या रक्तवाहिन्यांचा असेल. कमालीचा सराव केलेल्या काही धावपटूंमध्येही ती घटते, असे १९८० च्या दशकातच आढळले आहे. उलटपक्षी, टक्केवारी उत्तम असूनही माणूस दमेल. रक्तक्षयात हिमोग्लोबिनच कमी असते. जे आहे ते पूर्ण भरलेले असल्याने ऑक्सिमीटर ९८ दाखविते आणि प्रत्यक्षात स्नायूंना प्राणवायू कमी पोचत असतो. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातील १५ ते ४९ वयाच्या स्त्रियांपैकी ५४.२ टक्के रक्तक्षयी आढळल्या. चुलीच्या धुरात बसणारी आणि नदीवरून हंडे चढविणारी पोलादपूरची बाई या दोन्ही संकटांत एकदमच सापडलेली असते, आणि तिचा मालक कोण, भरपाई कोणाकडे मागावयाची, याचे उत्तर कोणत्याही कायद्यात नाही. म्हणून चालण्याची चाचणी हा निवाडा मानू नये. ती चाळणी आहे. तिच्यात अडकलेल्या माणसास पुढच्या तपासणीचा हक्क मिळावा, एवढेच तिचे काम. छातीत दुखणाऱ्या किंवा बसल्या जागी धाप लागलेल्या माणसास ती करावयास लावू नये, हेही उघड आहे.

काय करता येईल

महाड व पोलादपूरच्या ग्रामीण रुग्णालयांत आणि प्रत्येक प्राथमिक आरोग्य केंद्रात तीस मीटरची वाट मोजून दोन रेघा आखाव्यात. कारखान्यात कामावर घेताना आणि नंतर दरवर्षी फुंकण्याच्या चाचणीबरोबर सहा मिनिटांच्या चालण्याची नोंद व्हावी. चालण्यापूर्वीचा आकडा, चालतानाचा सर्वांत कमी आकडा, अंतर, आणि पूर्वस्थितीस येण्यास लागलेली मिनिटे, असे चार आकडे. ही नोंद कंत्राटी कामगारासही लागू असावी, आणि तिची प्रत त्याच्या हाती पडावी. कारण कंत्राटदार बदलतो, कारखाना बदलतो, माणसाची छाती तीच राहते. घट आढळलेल्यास अलिबागच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात किंवा मुंबईच्या मोठ्या रुग्णालयात पडद्याच्या मापनासाठी पाठवावे आणि तोपर्यंत त्याचा रोजगार कापला जाऊ नये. ही शेवटची अट नसेल तर बाकी सारे व्यर्थ होईल. जी तपासणी माणसाची भाकर हिरावून घेते, तिच्याकडे कोणी फिरकणार नाही.

खर्चाचा बाऊ करण्याचे कारण नाही. घड्याळ आहे, पडवी आहे, ऑक्सिमीटरे कपाटांत पडून आहेत. महाग आहे ते न मोजणे. कामगाराचा श्वास थोडाथोडा खर्च होतो तेव्हा तो खर्च कारखान्याच्या ताळेबंदात दिसत नाही. तो वाडीवरच्या घरात, शाळा सोडलेल्या मुलाच्या रूपाने, विकलेल्या म्हशीच्या रूपाने जमा होतो. उत्पादनाच्या खर्चाचा एक भाग दुसऱ्याच्या घरी टाकून उत्पादन स्वस्त झाल्याचे भासविणे, ही अर्थशास्त्राने फार पूर्वी ओळखलेली लबाडी आहे. तिच्यावरचा पहिला उपाय मोजणे हाच.

लग्न आटोपून मी निघालो तेव्हा विद्यार्थ्याचे वडील सडकेपर्यंत सोडावयास निघाले. मी नको म्हटले. ते हसून म्हणाले, "उतरायला काय लागतं सर?" खरेच, उतरताना ते कोठेही थांबले नाहीत. माझी गाडी वळणाआड गेल्यावर त्यांना तोच डोंगर पुन्हा चढून जावयाचा होता. त्यांच्या पिशवीतील कागदात त्या चढणीविषयी एक ओळ तरी असावी, एवढीच अपेक्षा.